बुगाटी नेमकी कुणाची? मोल्सहाइमच्या एका कारखान्याचं प्रकरण

१९४५ मध्ये दुसरं महायुद्ध संपलं आणि फ्रान्सच्या सरकारने, जर्मन सीमेला लागून असलेल्या आल्सास प्रदेशातल्या मोल्सहाइम गावचा बुगाटी मोटारींचा कारखाना जप्त केला. कागदावरचं कारण सरळ होतं. मालक इटालियन नागरिक, आणि युद्धकाळात कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेलेला. म्हणजे ती शत्रूला विकलेली परक्याची मालमत्ता. ज्या माणसाच्या गाड्या वीस वर्षं फ्रान्सचा निळा रंग अंगावर घेऊन शर्यती जिंकत होत्या, त्या एत्तोरे बुगाटीला फ्रेंच न्यायालयात जाऊन सांगावं लागलं, की हा कारखाना माझा आहे. तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. मोठा मुलगा गेलेला, धंदा मोडलेला.

बुगाटी फ्रेंच का, हा प्रश्न आजही निघतो. संस्थापक मिलानचा, कारखाना सुरू झाला तो जर्मन साम्राज्यात, पुढे मालकी फोक्सवागनकडे, आणि २०२१ पासून मुख्यालय क्रोएशियात. मग फ्रेंचपण उरतं कशात? बहुतेक जण या प्रश्नाचं उत्तर मालकाच्या पासपोर्टवरून देतात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते या एका प्रकरणातून नीट दाखवता येईल.

आधी घरातली माणसं पाहू. एत्तोरेचा जन्म १५ सप्टेंबर १८८१ चा, मिलानमधला. वडील कार्लो बुगाटी हे त्या काळातले नावाजलेले फर्निचरकार. चर्मपत्र, तांबं आणि शिसवी लाकूड वापरून ते अशा खुर्च्या घडवत की त्यांच्यावर बसायचं की नुसतं बघत राहायचं, असा प्रश्न पडावा. धाकटा भाऊ रेम्ब्रांट प्राण्यांची शिल्पं करायचा. एत्तोरेही कलाकार व्हावा अशी घरची अपेक्षा होती, पण तो मिलानच्या प्रिनेत्ती आणि स्तुक्की या सायकली आणि तीनचाकी मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला लागला. १९०१ मध्ये त्याने स्वतः आखलेली गाडी मिलानच्या प्रदर्शनात बक्षीस घेऊन गेली आणि आल्सासमधल्या द दीत्रिक या जुन्या लोखंड-उद्योगाने त्याला बोलावलं. १९०२ च्या त्या करारावर वडिलांना सही करावी लागली, कारण मुलगा अजून कायद्याने सज्ञान नव्हता.

आता आल्सास. याचा गुंता समजल्याशिवाय प्रकरण पुढे सरकत नाही. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला आणि आल्सास जर्मन साम्राज्यात गेला. घरात बोलली जाणारी आल्सासी बोली जर्मन कुळातली, पण कित्येकांचा जीव फ्रान्समध्ये अडकलेला. बेळगाव-निपाणीचा प्रश्न घरात ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. एका रात्रीत नकाशावरची रेघ हलते, आणि माणसं त्याच घरात, त्याच चुलीपाशी, दुसऱ्या राज्यात जाऊन पडतात. द दीत्रिक घराण्याने तर यावर व्यवहारी तोड काढली होती. नीदरब्रॉनचा मूळ कारखाना जर्मन हद्दीत गेला, तेव्हा फ्रान्सची बाजारपेठ हातची जाऊ नये म्हणून त्यांनी सीमेपलीकडे, फ्रेंच लोरेनमधल्या ल्युनेव्हिलला दुसरा कारखाना काढला.

एत्तोरे या सीमाभागात आला तो इटालियन म्हणून. द दीत्रिकनंतर स्ट्रासबूर्गच्या एमिल मातिसबरोबर काम केलं. १९०७ मध्ये कलोनच्या डॉइट्झ कंपनीत गेला. हीच ती निकोलाउस ओटोची इंजिन कंपनी. नोकरी सांभाळून त्याने कलोनच्या घराच्या तळघरात स्वतःसाठी एक छोटी गाडी जुळवली आणि तिचं नाव ठेवलं फ्रेंचमध्ये: ‘ल पेती प्यूर साँ’, म्हणजे ‘छोटा अस्सल रक्ताचा’. घोड्यांच्या जातिवंत वंशासाठी वापरतात तो शब्द. इटालियन माणूस, जर्मन शहर, फ्रेंच नाव! घोड्यांचं वेड त्याला आयुष्यभर होतं आणि पुढे बुगाटीच्या गाड्यांना ‘प्यूर साँ’ म्हणायचा प्रघातच पडला.

१९०९ च्या अखेरीस त्याने डॉइट्झ सोडली आणि मोल्सहाइमला लागून असलेल्या डोर्लिसहाइम गावात कापड रंगवण्याचा एक बंद पडलेला कारखाना भाड्याने घेतला. पाठीशी होते स्पॅनिश बँकर आगुस्तिन द विस्काया, आणि सोबत होता एर्नेस्ट फ्रिडरिश नावाचा निष्ठावान मेकॅनिक, जो पुढे कारखान्याचा शर्यतपटूही झाला. स्ट्रासबूर्गच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर, व्होज पर्वताच्या पायथ्याशी, द्राक्षमळ्यांमधलं हे गाव. इथून १९१० मध्ये टाइप १३ बाहेर पडू लागली. त्या वेळी मोल्सहाइमवर जर्मन झेंडा होता. काटेकोर कायद्याने बघायचं तर पहिली बुगाटी जर्मनीत बनलेली गाडी आहे, आणि हे मान्य करूनच पुढे जायला हवं. फ्रेंच वारशाच्या जाहिरातींत ही गोष्ट अनेकदा गिळली जाते, ते मला अप्रामाणिक वाटतं.

पण सुरुवातीपासून त्याचं तोंड पश्चिमेकडेच होतं. १९११ मध्ये फ्रिडरिशने ल माँच्या ग्राँ प्री द फ्राँसमध्ये चिमुकल्या बुगाटीतून दुसरा क्रमांक पटकावला. आसपासच्या धिप्पाड गाड्यांमध्ये ती खेळण्यासारखी दिसत होती. १९१३ मध्ये बाजारात आलेली ‘बेबे पजो’ ही लहान गाडी एत्तोरेने पजोसाठी आखून दिली होती. मोठ्या पाच लिटर इंजिनाची गाडी विकत घेतली ती फ्रेंच वैमानिक रोलाँ गारोस याने. एत्तोरेने पुढे आपल्या धाकट्या मुलाचं नाव रोलाँ ठेवलं, ते याच मित्राच्या आठवणीत.

१९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा एत्तोरेपुढे खरी निवड आली. कारखाना जर्मन हद्दीत, म्हणजे तो चालू ठेवायचा तर जर्मन सैन्यासाठी काम करायचं. तो कुटुंब घेऊन मिलानला गेला, तिथून पॅरिसला, आणि युद्धाची वर्षं त्याने विमानाची इंजिनं आखण्यात घालवली. जाताना शर्यतीच्या गाड्यांचे भाग मोल्सहाइमच्या मातीत पुरून ठेवले होते, असं बुगाटीप्रेमी सांगतात. १९१८ च्या अखेरीस फ्रेंच फौजा आल्सासमध्ये आल्या, १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने प्रदेश रीतसर फ्रान्सचा झाला, आणि एत्तोरे मोल्सहाइमला परतला. माझ्या मते बुगाटीचं फ्रेंचपण इथे सुरू होतं. सीमेची रेघ त्याच्यावरून गेली खरी, पण ती जाण्याच्या चार वर्षं आधी त्याने बाजू घेतली होती, आणि तीही कारखाना मागे सोडून.

१९२० मध्ये फ्रिडरिशने ल माँला छोट्या गाड्यांची शर्यत जिंकली. पुढल्या वर्षी इटलीतल्या ब्रेशियाला बुगाटीने पहिले चारही क्रमांक घेतले. तेव्हापासून त्या सोळा व्हाल्व्हच्या गाडीला ‘ब्रेशिया’ हेच नाव पडलं. मिलानच्या माणसाने फ्रान्सच्या बाजूने येऊन लोम्बार्दीत हा पराक्रम करावा, याला इटालियन प्रेक्षक काय म्हणाले असतील कोण जाणे.

त्या काळी शर्यतीत गाडीचा रंग देशावरून ठरायचा. इटलीचा तांबडा, इंग्लंडचा हिरवा, जर्मनीचा पांढरा आणि फ्रान्सचा निळा. पुढे पुरस्कर्त्यांच्या जाहिराती आल्या आणि हा संकेत मागे पडला. १९२४ मध्ये लियोंच्या ग्राँ प्रीत पहिल्यांदा उतरलेली टाइप ३५ याच निळ्या रंगातली. टायरांनी दगा दिल्यामुळे पहिली शर्यत फसली, पण पुढची काही वर्षं या गाडीची होती. सिसिलीची तार्गा फ्लोरियो ही शर्यत १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षं बुगाटीने जिंकली.

आल्सासमधल्याच म्युलूझ शहराच्या मोटार संग्रहालयात टाइप ३५ जवळून बघता येते. गेलात तर तिथे आधी पुढचा अॅक्सल बघा. साध्या गाडीत पानपट्ट्यांची स्प्रिंग अॅक्सलच्या वर किंवा खाली कवटाळून बसवतात. इथे अॅक्सलच्या दांड्यालाच घडवताना चौकोनी खिडकी ठेवली आहे आणि स्प्रिंग तिच्यातून आरपार जाते. दांडा आतून पोकळ, टोकं मात्र भरीव, आणि सगळा आरशासारखा घासलेला. वजन वाचलं, पकड घट्ट झाली आणि दिसायला ती वस्तू दागिन्यासारखी झाली. चाकं अॅल्युमिनियमची ओतीव, आठ चपट्या आऱ्यांची, ब्रेकचा ड्रमही त्याच ओतकामात धरलेला, म्हणजे चाक काढलं की ब्रेकचे जोडे समोर उघडे. इंजिनाचे ठोकळे काटकोनी आणि सपाट, कार्लोच्या कपाटासारखे. या गाडीपुढे उभं राहिलं की मिलानची सुतारशाळा आणि आल्साससारख्या लोखंडाच्या मुलखातली घडाई एकाच वस्तूत एकत्र आलेली दिसते. रेखाटन इटालियन घराण्याचं, हात आल्सासी, रंग फ्रान्सचा. नाकावरचा लाल लंबगोल बिल्ला एत्तोरेच्या आद्याक्षरांचा, त्यातला ‘ई’ उलटा फिरवून ‘बी’ला पाठ लावलेला.

१९२९ मध्ये मोनाकोची पहिली ग्राँ प्री झाली, तीही टाइप ३५ ने जिंकली. पण ती गाडी हिरवी होती, कारण चालक विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स इंग्लंडतर्फे उतरला होता. आई फ्रेंच, वडील इंग्रज, जन्म पॅरिसजवळचा. या कारखान्याच्या दाराशी एका देशाची माणसं क्वचितच येत.

‘रोयाल’बद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. राजेरजवाड्यांसाठी काढलेली, जवळजवळ १३ लिटर इंजिनाची ही गाडी मंदीच्या तडाख्यात सापडली. सहा बनल्या, तीनच विकल्या गेल्या. नाकावर रेम्ब्रांटच्या शिल्पावरून केलेला, मागच्या पायांवर उभा राहिलेला हत्ती. उरलेल्या इंजिनांचं एत्तोरेने जे केलं ते मला गाडीपेक्षा मोलाचं वाटतं. फ्रान्सच्या रेल्वेसाठी त्याने स्वयंचलित डबे बांधले आणि त्यात ही इंजिनं बसवली. १९३३ पासून रुळांवर धावणाऱ्या या डब्यांनी मंदीत कारखान्याची चूल पेटती ठेवली. एखाद्या सामान्य फ्रेंच प्रवाशाचा बुगाटीशी संबंध आला असेल तर तो या डब्यातूनच.

१९३६ मध्ये संप झाला. देशभर संपांची लाट होती, पण आपल्याला घरच्यासारखे वाटणारे कामगार दार अडवून बसले हे एत्तोरेला सहन झालं नाही. तो पॅरिसला निघून गेला आणि मोल्सहाइमचा कारभार मोठा मुलगा ज्याँ बघू लागला. टाइप ५७ ची अतिशय देखणी बांधणी ज्याँची. १९३७ आणि १९३९ ची ल माँची चोवीस तासांची शर्यत बुगाटीने जिंकली. दुसऱ्या खेपेचे चालक होते ज्याँ-पिएर विमिय आणि पिएर व्हेरों. त्यानंतर दोन महिन्यांतच, ११ ऑगस्ट १९३९ रोजी, ल माँ जिंकलेल्या त्याच गाडीची मोल्सहाइमजवळच्या रस्त्यावर चाचणी घेताना एका सायकलस्वाराला वाचवायच्या नादात ज्याँ झाडावर आदळून गेला. वय तीस. तीन आठवड्यांत युद्ध सुरू झालं.

१९४० मध्ये जर्मनीने आल्सास पुन्हा ताब्यात घेतला, आणि या वेळी हडेलहप्पीने. फ्रेंच बोलायला मनाई झाली, रस्त्यांची नावं बदलली, १९४२ पासून आल्सासी तरुणांना सक्तीने जर्मन सैन्यात भरलं. दबावाखाली एत्तोरेला कारखाना विकावा लागला, खऱ्या किमतीपेक्षा फार कमी पैशांत. घेणारा होता हान्स ट्रिपेल, जमिनीवर आणि पाण्यातही चालणाऱ्या लष्करी गाड्या बनवणारा.

आणि याच काळात बुगाटीचे जुने शर्यतपटू कुठे होते? ग्रोव्हर-विल्यम्स आणि १९३७ च्या ल माँचा विजेता रोबेर बेन्वा हे दोघं ब्रिटिश गुप्त संघटनेसाठी व्यापलेल्या फ्रान्समध्ये काम करत होते. दोघंही पकडले गेले. बेन्वाला १९४४ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत मारलं. ग्रोव्हर-विल्यम्स साक्सेनहाउजेनच्या छावणीत संपला. विमिय आणि व्हेरोंही प्रतिकाराच्या कामात होते, ते वाचले. बुगाटीच्या फ्रेंचपणाचा पुरावा मागणाऱ्याला मी आधी ही नावं सांगतो.

या पार्श्वभूमीवर १९४५ ची जप्ती पाहिली की मन विषण्ण होतं. कायद्याच्या बाजूने विचार केला तर सरकारचं वागणं अगदीच निराधार नव्हतं. विक्री झाली होती, पैसे दिले गेले होते, मालक परदेशी होता, आणि त्या दिवसांत शत्रूशी हातमिळवणी कुणी केली याचा हिशेब सगळीकडे चालू होता. पण सक्तीची विक्री आणि राजीखुशीची विक्री यांत फरक करायला हवा होता. एत्तोरे चाळीसहून जास्त वर्षं आल्सास आणि पॅरिसमध्ये राहिला तरी इटालियनच राहिला, बहुधा कागदाची गरज त्याला वाटली नव्हती. १९४६ मध्ये त्याने फ्रेंच नागरिकत्व घेतलं. १९४७ मध्ये न्यायालयाने कारखाना त्याला परत द्यायचा निकाल दिला. तेव्हा तो पॅरिसमध्ये अंथरुणावर होता. २१ ऑगस्ट १९४७ ला तो गेला. निकालाची बातमी त्याला उमगली की नाही याबद्दल लोक वेगवेगळं सांगतात.

त्यानंतरची उतरण भराभर झाली. १९५६ मध्ये राँसच्या ग्राँ प्रीत इटालियन अभियंता जोआकिनो कोलोंबो याने आखलेली टाइप २५१ उतरली आणि अठरा फेऱ्यांत बाहेर पडली. १९६३ मध्ये कारखाना हिस्पानो-स्विझा या कंपनीने घेतला.

इथून पुढे वारसा तीन ठिकाणी विभागला गेला, आणि ही वाटणी लक्षात घेतली नाही की गोंधळ होतो.

गाड्या गेल्या म्युलूझला. हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ हे दोघे स्विस कापड-गिरणीवाले भाऊ बुगाटीच्या नादाने झपाटले होते. त्यांनी अमेरिकेतून एकदम तीस बुगाटी आणल्या. त्यासाठी गिरणीच्या शेडमध्ये पॅरिसच्या पूल अलेक्सांद्र त्रुआवरच्या दिव्यांसारखे शेकडो खांब उभारले आणि हे सगळं जगापासून लपवून ठेवलं. गिरण्या बुडाल्या. १९७७ मध्ये पगारासाठी झगडणाऱ्या कामगारांनी तो खजिना ताब्यात घेतला. पुढच्याच वर्षी सरकारने संग्रहाला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा देऊन तो देशाबाहेर जाण्यापासून वाचवला, आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. तेहेतीस वर्षांपूर्वी ज्याचा कारखाना परक्याची मालमत्ता म्हणून जप्त झाला होता, त्याच्या गाड्या आता राष्ट्राचा ठेवा म्हणून कायद्याने राखल्या गेल्या. मालकी आणि आपलेपणा यांतलं अंतर याहून स्पष्ट कुठे दिसणार?

हात राहिले मोल्सहाइमलाच. जुन्या कारखान्यात विमानांची चाकं आणि ब्रेक बनू लागले, आणि मेसिए-बुगाटी या नावाने ते जगभर गेले. आज तो साफ्राँ या फ्रेंच विमान-उद्योग समूहाचा भाग आहे. रोजच्या कामाच्या आणि कारागिरीच्या अर्थाने खरा वारस तोच, असं मला वाटतं. वारशाच्या गप्पांत त्याचं नाव निघत नाही याची खंत वाटते.

आणि नाव? ते फिरत राहिलं. १९८७ मध्ये रोमानो आर्तिओली या इटालियन उद्योजकाने नाव घेतलं आणि मोदेनाजवळच्या कांपोगालियानोला कारखाना बांधला. संस्थापक इटालियन, तेव्हा गाडीही इटलीत, हा त्यामागचा विचार. तरीही ईबी ११० चं अनावरण त्यांनी १५ सप्टेंबर १९९१ ला, एत्तोरेच्या ११० व्या वाढदिवशी, पॅरिसमध्ये केलं, आणि चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, फ्रान्सच्या एरोस्पासियाल या विमान कंपनीकडून घेतली. गाडी उत्तम होती, पण पैसा कमी पडला. १९९५ मध्ये दिवाळं निघालं.

१९९८ मध्ये फोक्सवागनने नाव विकत घेतलं. कुठेही कारखाना काढायची मुभा होती, पण ते मोल्सहाइमला आले. एत्तोरे जिथे गिऱ्हाइकांची सरबराई करायचा तो शातो साँ-ज्याँ दुरुस्त केला आणि शेजारी जोडणीची कार्यशाळा उभारली. २००५ ची १,००१ अश्वशक्तीची व्हेरों तिथेच जुळवली गेली. इंजिन मात्र जर्मनीतल्या झाल्झगिटरहून यायचं, गिअरबॉक्स इंग्लंडच्या रिकार्डोकडून. जर्मन कंपनीने आपल्या सर्वांत मानाच्या गाडीला नाव दिलं ते जर्मनांविरुद्ध लढलेल्या फ्रेंच माणसाचं. नोव्हेंबर २०२१ पासून बुगाटी-रिमाक ही नवी कंपनी क्रोएशियातून चालते. २०२४ मध्ये दाखवलेल्या तूर्बियाँचं सोळा सिलिंडरचं इंजिन इंग्लंडच्या कॉसवर्थबरोबर घडवलेलं, चालकापुढचे काटे स्विस घड्याळजींनी केलेले, आणि जोडणी पुन्हा मोल्सहाइमला.

तेव्हा आजची बुगाटी फ्रेंच म्हणायची का? एत्तोरेच्या काळाइतक्या ठामपणे नाही म्हणता येणार. तेव्हा ओतकामापासून कातडी बैठकीपर्यंत बहुतेक काम मोल्सहाइमला व्हायचं, आता सुटे भाग बाहेरून येतात. पण खोटंही म्हणवत नाही. १९९८ पासून आलेल्या प्रत्येक मालकाला गाडी जुळवायला याच गावी यावं लागलं, आणि ज्याने दुसरीकडे मांडणी करून पाहिली त्याला गाडीच्या अनावरणासाठी तरी फ्रान्समध्येच यावं लागलं. माझा निष्कर्ष असा, की बुगाटी आधी आल्सासची आहे. आल्सास फ्रान्सचा आहे म्हणून ती फ्रेंच, आणि एत्तोरेने १९१४ मध्ये फ्रान्स निवडला म्हणून ती मनाने फ्रेंच.

मोल्सहाइमला दर सप्टेंबरात बुगाटीवाल्यांचा मेळा भरतो. निळ्या गाड्या द्राक्षमळ्यांमधून घुमत जातात. तिथून डोर्लिसहाइमची दफनभूमी अगदी जवळ आहे, त्या जुन्या रंगारखान्याच्याच गावात. कुटुंबाच्या थडग्यात मिलानचे कार्लो आहेत, मिलानमध्येच जन्मलेला एत्तोरे आहे, आणि कलोनमध्ये जन्मलेला ज्याँ.